धातूचा टन मोजला, बाकीचं कुठे गेलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोलाद, अ‍ॅल्युमिनिअम, तांबं बनवणारे बहुतेक सगळेच कारखाने आता आपलं उत्पादन हरित असल्याचं सांगतात. त्यातलं खरं किती, आणि एक धातू दुसऱ्यापेक्षा स्वच्छ आहे हे ठरवायचं कशावरून? पर्यावरण अभियांत्रिकीच्या प्रकल्पासाठी तुम्हाला अशी तुलना करायची आहे आणि ती ‘टनामागे किती कार्बन’ (म्हणजे कार्बन डायऑक्साइड) या एका आकड्यावर बेतायचा विचार आहे.

मी २६ वर्षं धातूच्या कारखान्यांत काढली. आधी पोलादाच्या भट्टीवर, मग अ‍ॅल्युमिनिअमच्या पॉटलाइनवर (विजेने धातू काढणाऱ्या कुंडांच्या, म्हणजे पॉटच्या रांगेवर) आणि शेवटची ९ वर्षं पर्यावरण विभागात. त्या अनुभवावरून स्पष्ट सांगतो, एका आकड्यावर ही तुलना बेतू नका. धातुशास्त्राच्या पहिल्या वर्षाला वस्तुमानाचा ताळेबंद शिकवतात, तोच घ्या. भट्टीत किती टन गेलं, किती टन बाहेर आलं, आणि धातू सोडून जे उरलं ते आज नेमकं कुठे पडलंय? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल, तर पहिल्या दोन आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही.

पोलादापासून सुरुवात करू, कारण जगात वर्षाला सुमारे १.९ अब्ज टन पोलाद तयार होतं आणि त्यातलं ७० टक्क्यांच्या आसपास ब्लास्ट फर्नेसच्या (गरम हवा फुंकून कोळशाने लोखंड काढणाऱ्या भट्टीच्या) मार्गानेच येतं. एक टन लोखंडाचा रस काढायला भट्टीत साधारण १.६ टन खनिज, अर्धा टन कोक (भाजलेला दगडी कोळसा) आणि कोळसा, आणि हजारेक घनमीटर गरम हवा लागते. ही हवाच सव्वा टनाहून जास्त भरते. बाहेर येतो एक टन रस, पाव ते एक तृतीयांश टन स्लॅग (खनिजातल्या मातीचा वितळलेला मळ), आणि बाकीचा सगळा वायू, जवळपास दोन टन. वजनाच्या हिशेबाने पाहिलं तर ब्लास्ट फर्नेस हे मुख्यतः वायू तयार करणारं यंत्र आहे. लोखंड हे त्याचं वजनाने दुय्यम उत्पादन. हे एकदा डोक्यात बसलं की पोलादाचा कार्बन इतका चिवट का, ते कळतं.

कोळसा इथे फक्त जळण नाही. खनिजातला ऑक्सिजन लोखंडापासून ओढून काढायचं काम कार्बनच करतो. हेमेटाइटचं (लोखंडाच्या नेहमीच्या खनिजाचं) साधं समीकरण मांडा: कार्बन मोनॉक्साइडने खनिज फोडलं की दर टन लोखंडामागे सुमारे १.२ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे भट्टी गरम करण्याचा, कोक भाजण्याचा, सिंटर (बारीक खनिज भाजून केलेले गोळे) बनवण्याचा, रोलिंगचा (लाटून पत्रा करण्याचा) हिशेब धरायच्या आधीच एवढा. सगळं मिळून या मार्गाने टन पोलादामागे २.२ टनांच्या आसपास जातो. चांगल्या भट्ट्या आज रसायनशास्त्राच्या मर्यादेजवळ पोचल्या आहेत. कोक पाण्याने विझवण्याऐवजी नायट्रोजनने थंड करून त्या उष्णतेची वाफ करणं, भट्टीच्या तोंडच्या वायूच्या दाबावर टर्बाइन फिरवणं, हे सगळं करायलाच हवं आणि मी त्यासाठी भांडलोही आहे. पण त्यातून काही टक्के वाचतात. ‘कार्यक्षमता वाढवून आम्ही शून्यावर जाऊ’ असं कुणी ब्लास्ट फर्नेस ठेवून म्हणत असेल, तर त्याने हे समीकरण सोडवलेलं नाही.

मग हायड्रोजन? इथे ताळेबंद फार बोलका आहे, म्हणून जरा थांबून हिशेब करू. हायड्रोजनने खनिज फोडलं की कार्बन डायऑक्साइडच्या जागी पाण्याची वाफ निघते. त्यासाठी टन लोखंडामागे कमीत कमी ५४ किलो हायड्रोजन लागतो. पाण्याचं विघटन करून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज खर्च होते. म्हणजे २,७०० ते ३,००० युनिट नुसत्या हायड्रोजनसाठी, वितळवणं वेगळं. ही वीज जर कोळशाची असेल, तर युनिटमागे ०.९ ते १ किलो धरून २.४ ते ३ टन कार्बन डायऑक्साइड वीजकेंद्राच्या धुराड्यातून बाहेर पडला. ब्लास्ट फर्नेसपेक्षा जास्त! कारखान्याच्या कुंपणाच्या आत मात्र सगळं स्वच्छ दिसेल. स्वीडनमध्ये लुलिओ इथे हायब्रिट प्रकल्पाचं प्रायोगिक संयंत्र २०२० मध्ये सुरू झालं आणि २०२१ मध्ये तिथल्या लोखंडापासून बनलेलं पोलाद ग्राहकाला मिळालंही. ते तिथे शक्य झालं, कारण तिथली वीज जवळपास सगळी पाणी, अणुऊर्जा आणि वाऱ्यापासून येते. तंत्र खरं आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आशा वाटते, पण त्याचा हरितपणा विजेच्या तारेतून येतो.

हायड्रोजनच्या चर्चेत खनिजाची प्रत हा मुद्दा सहसा येत नाही. ब्लास्ट फर्नेसमध्ये खनिजातली माती, सिलिका, अ‍ॅल्युमिना स्लॅग होऊन वाहून जातात. हायड्रोजनच्या भट्टीत काहीच वितळत नाही. ऑक्सिजन निघून जातो आणि दगडातली माती उरलेल्या सच्छिद्र लोखंडात, म्हणजे स्पंज आयर्नमध्ये तशीच बसून राहते. पुढे आर्क फर्नेसमध्ये (विजेवर वितळवणाऱ्या भट्टीत) ती काढताना चुना जास्त, वीज जास्त, स्लॅग जास्त. म्हणून या मार्गाला ६७ टक्के लोखंडाचं, अगदी निवडक खनिज लागतं आणि जगात विकलं जाणारं बरंचसं खनिज ६२ टक्क्यांच्या आसपासचं असतं. ते ६७ वर न्यायचं तर दळून, धुऊन न्यावं लागेल. धुतलं की गाळ आला. त्या गाळाकडे पुढे येतो.

भंगारातून पोलाद करणं हा आजचा सगळ्यांत सरळ मार्ग. आर्क फर्नेसमध्ये भंगार वितळवायला टनाला ४०० युनिटच्या आसपास वीज लागते आणि कार्बन ब्लास्ट फर्नेसच्या मार्गाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत खाली येऊ शकतो. पण भंगार हवं तेवढं नाही. वर्षभरात वापरलं जाणारं भंगार पोलादाच्या उत्पादनाच्या साधारण एक तृतीयांश आहे. ते वाढेल, पण पुलात आणि इमारतीत गेलेलं पोलाद ४०-५० वर्षं तिथेच असतं. आज मागणी आहे म्हणून ते परत येत नाही.

दुसरी अडचण तांब्याची. भंगाराच्या यार्डात उभं राहून एकदा मॅग्नेट क्रेनचं काम बघा. विजेच्या मोटरचा आर्मेचर पडलेला असतो. आत पोलादाच्या पत्र्यांचा गाभा, त्याच्या खाचांत घट्ट गुंडाळलेली तांब्याची तार. मॅग्नेटला गाभा कळतो, तार कळत नाही. तो आर्मेचर अख्खा उचलून बकेटमध्ये टाकतो. १०० टनांच्या हीटमध्ये (भट्टीच्या एका खेपेत) असं १०० किलो तांबं गेलं की पोलादात ०.१ टक्का तांबं वाढलं, आणि ते काढायचा व्यवहार्य उपाय नाही. सिलिकॉन, मँगॅनीज, फॉस्फरस ऑक्सिजनने जाळून स्लॅगमध्ये नेता येतात. तांबं लोखंडापेक्षा ‘निवांत’ आहे, ते लोखंडाच्या आधी जळत नाही. पुढे हेच पोलाद रोलिंगसाठी ११०० अंशांच्या वर तापवलं की वरचं लोखंड जळून खपली होतं, तांबं खपलीखाली साचतं, वितळतं आणि कणांच्या सीमांमधून आत शिरतं. रोलखाली पत्रा गेला की पृष्ठभागावर भेगा. मी असे स्लॅब हातात टॉर्च घेऊन तपासले आहेत. भेगा मगरीच्या पाठीसारख्या दिसतात. सळईला थोडं तांबं चालून जातं, गाडीच्या पत्र्याला नाही. म्हणून भंगार फिरत राहिलं की हळूहळू खालच्या प्रतीकडे सरकतं आणि त्यात ताजं लोखंड मिसळून ते पातळ करावं लागतं. यावर माझ्या पाहण्यातला सगळ्यांत परिणामकारक उपाय म्हणजे वितळवण्याआधी हाताने आणि सेन्सरने केलेली वर्गवारी. पण यार्डातल्या कामगारांवर होणारा खर्च ‘पर्यावरण’ या सदरात कुणी टाकत नाही, आणि खर्च कमी करायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते. याची मला खरोखर खंत आहे.

आता धुळीची गोष्ट, कारण ताळेबंदाचा धडा मला तिनेच दिला. आर्क फर्नेसमधून टनाला १० ते २० किलो धूळ उडते. तीत गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्यावरचं जस्त असतं, शिवाय शिसं आणि कॅडमियम. ती बॅग फिल्टरमध्ये (कापडी पिशव्यांच्या गाळणीत) अडवतात. मी ज्या कारखान्यात होतो तिथे फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक नेहमी १५० मिलिमीटर पाण्याच्या आसपास असायचा. एका रात्री तो ६० वर आला. शिफ्टमधले सगळे खूश, कारण पंख्यावरचा ताण कमी झाला, भट्टीवरचा धूर छान ओढला जाऊ लागला. सकाळी सायकल स्टँडच्या पत्र्यावर बोट फिरवलं तर तपकिरी, मैद्यासारखी बारीक धूळ. ठिणग्यांनी पिशव्या जळल्या होत्या. दाब कमी झाला होता तो भोकांमुळे. तेव्हापासून मी प्रत्येक नवीन मुलाला सांगत आलो, फिल्टरचा दाब अचानक कमी झाला तर आधी पिशव्या बघ.

पिशव्या बदलल्या, धुराड्याचे आकडे पुन्हा नीट झाले आणि वर्षाच्या अहवालात धूळ अडवल्याबद्दल एक चांगला परिच्छेद छापून आला. पण अडवलेली धूळ कारखान्यामागे उघड्यावर साठवली होती. पहिल्याच मोठ्या पावसात तिचा ओघळ नाल्यात गेला. मी नाल्यातल्या पाण्याचे नमुने घेतले तेव्हा जस्ताचं प्रमाण पाहून दोनदा तपासणी करून घेतली. हवेतलं जस्त आपण पाण्यात घातलं होतं, एवढाच त्या परिच्छेदाचा अर्थ होता. त्या धुळीला जागा आहे: वेल्झ भट्टीत भाजून जस्त परत मिळवता येतं आणि जगभर ते केलं जातं. आमच्याकडे ती पाठवायला दोन वर्षं लागली, कारण वाहतुकीचा खर्च कुठल्या विभागाने उचलायचा हे ठरत नव्हतं.

अ‍ॅल्युमिनिअमकडे वळतो. इथे सगळी गोष्ट विजेची आहे. चार्ल्स हॉल आणि पॉल एरू या दोघांनी १८८६ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेली प्रक्रियाच आजही चालते: वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये (फ्लोरीन असलेल्या क्षारात) अ‍ॅल्युमिना विरघळवायचा आणि ९६० अंशांच्या आसपास त्यातून वीज सोडायची. टनाला १३,००० ते १५,००० युनिट. वीज कोळशाची असेल तर तिच्यातूनच १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. जलविद्युत असेल तर खाणीपासून धातूपर्यंत सगळं मिळून चारेक टन. धातू तोच, इनगॉट हुबेहूब तसाच, फरक चौपट. म्हणून ‘अ‍ॅल्युमिनिअमचा कार्बन किती’ या प्रश्नाला वीज कुठली ते विचारल्याशिवाय उत्तर नाही. विजेशिवाय रसात वीज सोडणारे कार्बनचे ठोकळे, म्हणजे अ‍ॅनोडही जळतात, टनाला ४०० किलोहून जास्त, त्याचा दीड टन वेगळा. अ‍ॅनोडमधून ऑक्सिजन सोडणारं, न जळणारं साहित्य शोधण्याचं काम चालू आहे. ते मोठ्या प्रमाणावर जमलं तर या धातूच्या इतिहासातली ती मोठी घटना ठरेल.

पॉटलाइनवरची एक गोष्ट आकड्यांत लवकर दिसत नाही. पॉटमधला अ‍ॅल्युमिना कमी झाला की ‘अ‍ॅनोड इफेक्ट’ लागतो. चार-साडेचार व्होल्टवर शांत चाललेला पॉट एकदम २०-३० व्होल्टवर उडी मारतो आणि त्यावर जोडलेला दिवा पेटतो. जुन्या लाइनींवर कामगार ओल्या लाकडाचा लांब दांडका पॉटमध्ये खुपसायचे. लाकडातली वाफ रस घुसळायची आणि अ‍ॅनोडखालचा वायूचा थर फुटायचा. त्या काही मिनिटांत क्रायोलाइटमधला फ्लोरीन अ‍ॅनोडच्या कार्बनला धरून टेट्राफ्लोरोमिथेन बनतो. हा वायू १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ७,००० पट उष्णता धरतो आणि हवेत टिकतो तब्बल ५०,००० वर्षं. थोडा थोडा अ‍ॅल्युमिना नेमक्या वेळी टाकणारे पॉइंट फीडर आले, संगणक आले आणि १९९० नंतर टनामागचं हे उत्सर्जन खूप खाली आलं. या उद्योगाने केलेल्या चांगल्या कामांत मी हे वर ठेवतो. त्याच्या जाहिराती झाल्या नाहीत, पण पॉटवरच्या माणसाने दिवा पेटण्याआधी पॉट ओळखायला शिकणं हे त्याचं मूळ होतं.

आणि लाल चिखल. बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात शिजवून अ‍ॅल्युमिना काढला की टन अ‍ॅल्युमिनामागे एक ते दीड टन लाल चिखल उरतो. एक टन अ‍ॅल्युमिनिअमला जवळपास दोन टन अ‍ॅल्युमिना लागतो, म्हणजे धातूच्या टनामागे दोन-तीन टन चिखल. त्याचा पीएच ११ ते १३, म्हणजे तीव्र अल्कली. हंगेरीत अयका इथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी अशा तलावाचा कोपरा फुटला, चिखल कोलोंतार आणि देवेचेर या वस्त्यांत शिरला, १० माणसं गेली, शंभराहून जास्त जखमी झाली. अनेकांच्या जखमा अल्कलीने भाजल्याच्या होत्या. मार्सल नदीतली जीवसृष्टी मेली. कार्बनच्या तक्त्यात या घटनेची नोंद शून्य आहे. चिखल फिल्टर प्रेसमध्ये दाबून, पाणी आणि कॉस्टिक परत घेऊन, कोरडा करून रचणं हा आज उपलब्ध असलेला चांगला मार्ग आहे. त्याला जास्त खर्च येतो आणि तो करायलाच हवा.

तांब्याचा हिशेब सगळ्यांत विलक्षण. आजच्या खाणींतल्या खनिजात बऱ्याचदा ०.६ टक्क्याच्या आसपासच तांबं असतं. म्हणजे एक टन तांब्यासाठी २०० टनांच्या जवळपास दगड पिठासारखा दळायचा, आणि त्यातला जवळजवळ सगळा गाळ होऊन धरणात जाणार. शिवाय खनिजापर्यंत पोचायला उकरलेला दगड वेगळा. मुख्य खनिज चाल्कोपायराइट. त्यात तांब्याइतकाच गंधक असतो. एक टन तांब्यामागे एक टन गंधक, तो जळून दोन टन सल्फर डायऑक्साइड, आणि तो पकडला तर तीन टन गंधकाम्ल. न पकडता सोडून दिला तर काय होतं, ते कॅनडातल्या सडबरीने दाखवलं. तिथे निकेल आणि तांब्याच्या भट्ट्यांच्या धुराने डोंगर काळे, उघडे पडले होते. १९७२ मध्ये ३८१ मीटर उंचीचं धुराडं उभारलं गेलं. गावातली हवा सुधारली, पण वायू तेवढाच होता, तो लांब जाऊन पडू लागला आणि दूरची तळी आम्ल झाली. खरा फरक नंतर पडला, भट्ट्या बदलून गंधक आतच पकडायला सुरुवात झाली तेव्हा. १९७८ पासून तिथल्या लोकांनी उघड्या जमिनीवर चुना पसरून झाडं लावली. ती संख्या आता एक कोटीच्या पुढे गेली आहे. पुढे त्या प्रचंड धुराड्याची गरजच उरली नाही. निराश व्हायला झालं की मी सडबरीचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढून बघतो.

लहान घटक वगळायचा मोह होतो, तो टाळा. जस्ताच्या खनिजात कॅडमियम अगदी किंचित असतं. जपानमध्ये कामिओका खाणीतून ते जिन्झू नदीत, नदीतून भातशेतीत आणि भातातून माणसांच्या हाडांत गेलं. तो ‘इताई-इताई’ आजार १९६८ मध्ये तिथल्या सरकारने प्रदूषणामुळे होणारा म्हणून मान्य केला. तुमच्या तक्त्यात ही ओळ ‘एक टक्क्याहून कमी’ म्हणून गळून गेली असती.

गाळाच्या धरणांबद्दल. ही धरणं पाणी अडवायला एकदाच बांधलेली नसतात. गाळ वाढेल तशी ती वर्षानुवर्षं उंच होत जातात. सगळ्यांत स्वस्त पद्धतीत नवा बांध जुन्या गाळावरच, आतल्या बाजूला रचतात. गाळ ओला राहिला तर बांधाचा पायाच ओला. ब्राझीलमध्ये नोव्हेंबर २०१५ मध्ये मारियानाजवळचं धरण फुटून १९ जण गेले, आणि जानेवारी २०१९ मध्ये ब्रुमाजिन्योला २७०. दुसऱ्या धरणात गाळ टाकणं आधीच थांबलेलं होतं. भरणं बंद झालं की धोका संपला, हा समज त्या दिवशी खोटा ठरला. २०२० मध्ये गाळसाठ्यांसाठी जागतिक मानक आलं. तुम्ही तपासत असलेली कंपनी ते पाळते का आणि तिच्या धरणांची यादी जाहीर आहे का, हे पहिल्याच पानावर लिहा.

अशा धरणाच्या पायथ्याला झिरपलेलं पाणी गोळा करणारी नाली असते. तिथला राखणदार एक काचेची बाटली भरून उजेडासमोर धरायचा आणि वहीत लिहायचा, ‘निवळ’. पाणी झिरपणं ठीक आहे, धरण श्वास घेतंय. पण ज्या दिवशी बाटलीत गढूळपणा दिसेल त्या दिवशी बांधाच्या पोटातून माती वाहून यायला लागली असं समजायचं आणि खालच्या लोकांना हलवायचं. मी पाहिलेल्या सगळ्या यंत्रणांत ही बाटली आणि ती वही मला सगळ्यांत मोलाची वाटते.

आता तुमच्या तुलनेबद्दल. दाव्यांचे कागद वाचताना आधी सीमा शोधा. फक्त कारखान्याचं स्वतःचं उत्सर्जन मोजलंय, की विकत घेतलेली वीज धरली, की खाणीपासून सगळं? युरोपीय संघाचा सीमाशुल्कासारखा कार्बन आकार १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला, पण त्यातही पोलाद आणि अ‍ॅल्युमिनिअमसाठी मुख्यतः थेट उत्सर्जनच धरलं जातं. म्हणजे ज्या अ‍ॅल्युमिनिअमचा सगळा भार विजेत आहे, त्याची वीजच मोजणीबाहेर. नियम चूक आहे असं मी म्हणत नाही, त्यामागे कारणं आहेत. पण तो आकडा तुम्ही तुलनेला घेतलात तर निष्कर्ष उलटा निघेल.

‘पुनर्वापरित’ हा शब्द दिसला की कुठलं भंगार ते विचारा. कारखान्याच्या आतच निघालेले कापलेले तुकडे पुन्हा त्याच भट्टीत टाकले तर आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते पुनर्वापरित साहित्य म्हणून मोजता येत नाही, तरी मोजलेलं आढळतं. ‘हरित पोलाद’ म्हणून विकलेला पत्रा प्रत्यक्षात ब्लास्ट फर्नेसचाच असू शकतो. कारखान्याने एकूण थोडी बचत केली आणि ती सगळी कागदावर काही निवडक टनांच्या नावावर लावली, असा व्यवहार बाजारात चालतो. त्यालाही ते वस्तुमानाचा ताळेबंदच म्हणतात, म्हणून नावावर जाऊ नका. उरलेले टन तेवढेच मळके म्हणून नोंदवलेत का, एवढं तपासा. तसंच स्लॅगचं. भट्टीतून निघताच पाण्याने विझवलेला, दाणेदार स्लॅग सिमेंटमध्ये जातो आणि क्लिंकर (सिमेंटचा भट्टीत भाजलेला मूळ माल) वाचवतो, ही खरी चांगली गोष्ट आहे. पण त्या बचतीचं श्रेय पोलादवाल्याने घेतलं आणि सिमेंटवाल्यानेही घेतलं, तर एकच टन दोनदा वाचला.

टनाला टन लावून पोलाद आणि अ‍ॅल्युमिनिअम तोलू नका. एखादा दरवाजा, एखादी चौकट, एखादं काम घ्या आणि त्यासाठी कुठला धातू किती किलो लागतो, किती वर्षं टिकतो, शेवटी वेगळा करता येतो का, ते धरा. अ‍ॅल्युमिनिअम पुन्हा वितळवायला नव्याच्या ५ टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा लागते, हे खरं. पण तो पोलादाला रिव्हेट करून, चिकटवून, रंगवून टाकला असेल तर ते ५ टक्के कागदावरच राहतात.

प्रकल्पासाठी माझी सूचना अशी: दोन धातूंच्या जगभरच्या सरासऱ्या शोधत बसण्यापेक्षा एकच कारखाना आणि एकच महिना घ्या. डाव्या बाजूला गेटवरच्या काट्यावरून आत आलेला प्रत्येक टन, विजेच्या मीटरचे युनिट, पंपाचं पाणी. उजव्या बाजूला धातू, स्लॅग, धूळ, गाळ, वायू, सांडपाणी, आणि प्रत्येकापुढे ‘आज कुठे आहे’ हा रकाना. जस्त किंवा गंधक असा एखादा घटक निवडून तोही वेगळा जुळवून बघा. दोन्ही बाजू पहिल्या प्रयत्नात जुळणार नाहीत. आमच्याही कधी जुळल्या नाहीत. जी तफावत उरेल तिच्यामागे लागा, काट्यावरच्या माणसाशी, फिल्टरच्या फिटरशी, नालीवरच्या राखणदाराशी बोला. तक्ता तयार झाला की मला पाठवा. धुळीचे आणि स्लॅगचे रकाने मी स्वतः तपासून देईन.